गटारात शिरणारी गंगा

गंगा उलटी वाहू लागली की काशीत पर्वकाळ मानला जाई. पावसाळ्यात मोठा पूर आला म्हणजे नदीचे पाणी तिला मिळणाऱ्या वरुणा नदीच्या पात्रात मागे रेटले जाई, आणि तिथून एका ओहोळाने शहराच्या आत मत्स्योदरी तळ्यापर्यंत चढे. हा मत्स्योदरी योग. त्या दिवसांतल्या स्नानाचे पुण्य विशेष, असे पुराणे सांगतात. काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांवर 'त्रिस्थळीसेतु' हा ग्रंथ सोळाव्या शतकात नारायणभट्टांनी लिहिला. घराणे मूळचे पैठणचे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे त्यांचे पणतू. या मंडळींच्या डोळ्यांसमोर असलेल्या काशीत जागोजागी तळी होती, ओढे होते, आणि पुराचे पाणी शहरात येते तेव्हा त्याला बसायला जागा होती.

आज मत्स्योदरीच्या ठिकाणी मच्छोदरी नावाचे उद्यान आहे. गंगेने मात्र मागच्या दाराने शहरात यायचे सोडलेले नाही. तिची वाट आता भुयारी गटारांतून जाते. पूर चढला की नदीचे पाणी नाल्यांच्या तोंडांतून आत घुसते, आधीच तुडुंब असलेल्या मैलावाहिन्यांमध्ये मिसळते, आणि घाटांमागच्या गल्ल्यांत मॅनहोलमधून, सखल घरांच्या मोऱ्यांतून वर येते.

गंगेत मैला जातो ही गोष्ट आपण सगळे जाणतो. तिच्यावर चित्रपट निघाले, खटले झाले, योजना आल्या. मैलावाहिनीत गंगा जाते, पाऊस जातो, विहिरीचे आणि फुटक्या नळाचे पाणी जाते, ही त्याच दुखण्याची दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे लक्ष फार कमी जाते. माझ्या मते पहिली बाजू सुटत नाही याचे एक मोठे कारण ही दुसरी बाजू आहे.

हे समजायला काशीची जमीन समजून घ्यावी लागते. घाटाच्या पायऱ्या चढून वर आलेला यात्रेकरू समजतो की आता जमीन आणखी चढत जाईल. तसे होत नाही. गंगेचा डावा काठ हा चिकणमाती आणि कंकराचा उंच बांध आहे, आणि त्याच्या पाठीमागे जमीन शहराच्या आत उतरते. त्यामुळे पावसाचे पाणी थेट नदीत न जाता आधी शहराच्या पोटातल्या तळ्यांत जमे. बेनिया, मंदाकिनी, मत्स्योदरी ही त्यांतली मोठी. तळी भरली की ओढे वाहू लागत. दशाश्वमेधाकडे उतरणाऱ्या अशाच एका ओढ्याला गोदावरी म्हणत. आज गर्दीने फुललेल्या गोदौलिया चौकाचे नाव त्या गोदावरीवरून आले, असे सांगतात. नाशिक-पैठणहून गेलेल्या माणसाला त्या चौकात उभे राहिल्यावर हे आठवले, तर पायाखालच्या रस्त्याचा उतार वेगळाच जाणवतो.

1820 साली जेम्स प्रिन्सेप बनारसच्या टांकसाळीत धातुपरीक्षक म्हणून आला. पुढे 1837 मध्ये ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवणारा हाच तो. काशीतल्या दहा वर्षांत त्याने शहराचा नकाशा काढला, शिरगणती केली, चित्रे काढली, आणि साचलेल्या तळ्यांचे पाणी गंगेत सोडण्यासाठी शहराखालून विटांचे कमानदार भुयार बांधले. शाही नाला म्हणून जे भुयार आज ओळखले जाते त्याची मुळे लोकपरंपरा मोगल काळापर्यंत नेते, तर बरेच अभ्यासक श्रेय प्रिन्सेपला देतात. वाद बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतो तो असा, की हे भुयार पावसाच्या पाण्यासाठी होते. मैला त्यात नंतर आला.

1886 मध्ये काशीतल्या पुढाऱ्यांनी काशी गंगा प्रसादिनी सभा स्थापन केली. नळाचे पाणी मिळावे आणि शहराची घाण गंगेत जाऊ नये, या तिच्या मागण्या होत्या. 1892 मध्ये भदैनीच्या जलकेंद्रातून नळ सुरू झाले. घरात नळ आला की सांडपाणी कैक पटींनी वाढते, पण ते वाहून नेणारी विटांची मुख्य मैलावाहिनी पूर्ण व्हायला 1917 साल उजाडले. ती अस्सीच्या बाजूने निघून घाटांना समांतर राजघाटाच्या दिशेने उतरते. शंभर वर्षे उलटली तरी काशीचा बराचसा भार या वाहिनीवर आणि शाही नाल्यावर होता. लोकसंख्या मात्र 2011 च्या जनगणनेत 12 लाखांच्या घरात पोचली होती.

मग 14 जून 1986 ला काशीच्याच घाटावर राजीव गांधींनी गंगा कृती योजनेची सुरुवात केली. दीनापूरला रोज 8 कोटी लिटर मैलापाण्यावर प्रक्रिया करणारे केंद्र झाले. घाटांवर पाच उपसा केंद्रे बांधली गेली. काम असे चालते : घाटांकडे उतरणारे मैलापाणी या केंद्रांच्या विहिरींत गोळा करायचे, पंपाने उचलून वरच्या जुन्या मुख्य वाहिनीत टाकायचे, तिथून ते उताराने कोनियाला जाते, कोनियाला प्रचंड स्क्रू पंप ते पुन्हा उचलतात, आणि वरुणेपलीकडे दीनापूरला पाठवतात. म्हणजे घाटाजवळचा प्रत्येक लिटर दोनदा उचलावा लागतो. त्या लिटरमध्ये अर्धे पाणी पावसाचे किंवा पाझराचे असले, तर वीज तेवढीच लागते आणि मैला अर्धाच हलतो.

या व्यवस्थेचे वर्म सर्वांत नेमके सांगितले ते वीरभद्र मिश्र यांनी. ते संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठात हायड्रॉलिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. सकाळी गंगेत बुडी मारायची आणि दिवसा प्रवाहाची गणिते शिकवायची, असा त्यांचा जन्म गेला. 1982 मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन काढले. त्यांचे म्हणणे सरळ होते. ही योजना विजेवर उभी आहे. वीज गेली की मैला नदीत. आणि पुरात नदी पंपांच्या विहिरींपर्यंत चढते, तेव्हा पंप बंद ठेवावे लागतात आणि पाणी उलटे शहरात येते. बर्कलेच्या विल्यम ऑस्वल्ड यांच्या सोबतीने त्यांनी दुसरा मार्ग मांडला : घाटाच्या कडेने उतारावर चालणारी, पंप न लागणारी वाहिनी टाकायची आणि शहराच्या खालच्या अंगाला शेवाळाच्या तळ्यांत पाणी शुद्ध करायचे. 2013 मध्ये ते गेले. तळ्यांची योजना त्यांच्या हयातीत उभी राहिली नाही, पण पुराबद्दलचे त्यांचे निदान दर पावसाळ्यात खरे ठरत आले.

पूर म्हणजे किती, याचा अंदाज आकड्यांतून येतो. काशीत गंगेची इशारा पातळी समुद्रसपाटीपासून 70.262 मीटर आणि धोक्याची 71.262 मीटर. 9 सप्टेंबर 1978 ला नदी 73.901 मीटरवर गेली होती. उन्हाळ्यातल्या आणि पुराच्या पातळीत दहा मीटरांहून जास्त फरक पडतो. तीन-चार मजली घराएवढा हा चढ. त्या उंचीच्या आत नाल्याचे जे जे तोंड उघडे आहे, वाहिनीचा जो जो सांधा सैल आहे, तिथून नदी आत येणारच.

आता या नको असलेल्या पाण्याचे स्वरूप पाहू. ते दोन वाटांनी येते. एक पाझर. वाहिनी जमिनीखाली असते, भोवतालची माती ओली असते, आणि विटांमधला चुना झिजला, सांध्यातले सिमेंट तडकले, पिंपळाचे मूळ भेगेत शिरले की माती आपले पाणी वाहिनीत सोडते. दिसत नाही, आवाज होत नाही, पण चोवीस तास चालू असते. दुसरी वाट म्हणजे थेट शिरकाव. गच्चीची पन्हळ मैलावाहिनीला जोडलेली असते, अंगणातली जाळी तिकडेच उतरते, गल्लीतली उघडी नाली तिच्यातच सोडलेली असते, मॅनहोलचे झाकण फुटलेले असते. हे पाणी फक्त पावसात येते, पण येते तेव्हा धाड घातल्यासारखे येते.

थोडा पाझर होणारच, हे अभियंते मान्य करतात. भारतात मैलावाहिन्या आखण्यासाठी केंद्र सरकारची जी नियमपुस्तिका वापरली जाते, ती हेक्टरी दिवसाला 5,000 ते 50,000 लिटर पाझर धरायला सांगते, आणि एकेका मॅनहोलमागे 250 ते 500 लिटर. खालच्या आणि वरच्या आकड्यात दहा पटींचा फरक आहे, तो बराचसा बांधणाऱ्याच्या हातातला. सांधा नीट बसवला का, रबराची कडी घातली का, माती बुजवण्याआधी पाणी भरून चाचणी घेतली का, यावर पुढच्या पन्नास वर्षांचा पाझर ठरतो.

थेट शिरकावाचे गणित मात्र कोणालाही घरी बसून करता येते. नियमपुस्तिकेप्रमाणे माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरा. त्यातले 80 टक्के मोरीवाटे परत जाते, म्हणजे 108 लिटर. पाच माणसांच्या घरातून दिवसाला 540 लिटर. आता त्या घराची गच्ची 50 चौरस मीटर, म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास धरा, आणि तासाभरात फक्त 10 मिलिमीटर पाऊस पडला असे समजा. काशीच्या श्रावणात हा मोठा पाऊस नव्हे. गच्चीवरून 500 लिटर पाणी उतरते. घर दिवसभरात जेवढे सांडपाणी सोडते, जवळपास तेवढे पाऊस एका तासात सोडतो. गल्लीतल्या साऱ्या पन्हळी मैलावाहिनीला जोडलेल्या असतील, तर त्या तासात वाहिनीवर नेहमीच्या सरासरीच्या 23 पट प्रवाह येतो. लहान वस्तीची वाहिनी आखताना सरासरीच्या तिप्पट धरतात. तेवीस पट कुठेच मावत नाही. ते बाहेर येते, आणि येताना मैला घेऊन येते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. दीनापूरच्या केंद्रात मैला खाऊन पाणी शुद्ध करतात ते जिवाणू. त्यांना ठरावीक अन्न आणि ठरावीक वेळ लागतो. पातळ झालेले पाणी वेगाने आले की त्यांना अन्न कमी पडते, वेळ पुरत नाही, आणि लोंढा मोठा असेल तर ते स्वतःच वाहून जातात. पाऊस थांबल्यावरही केंद्र पूर्वपदावर यायला दिवस लागतात. दुसरे नुकसान गाळाचे. पूर ओसरला की काशीच्या घाटांवर गाळाचे थर साचलेले असतात, ते पाण्याचे फवारे मारून पुन्हा नदीत लोटतात. हे सर्वांना दिसते. तोच गाळ वाहिन्यांच्या आतही बसतो. वाहिनी स्वतःला साफ ठेवते ती प्रवाहाच्या वेगावर. सेकंदाला 60 सेंटिमीटर तरी वेग हवा. पुराचे पाणी मागून दाबते तेव्हा वेग शून्यावर येतो आणि गाळ तळाशी बसतो. तिथे फवारा पोचत नाही. मग वाहिनी तुंबते, आणि आपल्या देशात तुंबलेल्या वाहिनीत आजही माणूस उतरवला जातो. 2013 च्या कायद्याने गटारांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यावर बंदी घातली, तरी विषारी वायूने गुदमरून मरण्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. म्हणून माझ्या लेखी पन्हळीचा चुकीचा जोड ही किरकोळ बाब नाही. त्या जोडातून सुरू झालेली साखळी कुणाच्या तरी मृत्यूपर्यंत जाऊ शकते.

हे पाणी शोधायचे कसे? सुरुवात रात्री होते. शहर झोपले की नळ बंद, मोऱ्या कोरड्या. तेव्हा वाहिनीत जे वाहते ते मुख्यतः पाझराचे. म्हणून मॅनहोलमध्ये प्रवाहमापक बसवून मध्यरात्रीनंतरची नोंद पाहतात. दोन मॅनहोलांमध्ये आकडा एकदम वाढला, तर गळती त्या टप्प्यात. काशीत मात्र ही वेळ सांभाळून निवडावी लागते. विश्वनाथाची मंगला आरती पहाटे 3 वाजता सुरू होते, त्याआधी पुजारी उठतात, धर्मशाळा जाग्या होतात, गंगास्नानाला निघालेली माणसे आन्हिके उरकतात. इतर शहरांत दोन ते चार ही निवांत वेळ. काशीत, देवळांच्या परिसरात तरी, आरतीआधीची नोंद जास्त भरवशाची म्हणावी लागेल. पावसाळ्यातली आणि वैशाखातली नोंद शेजारी ठेवली, की पाझर किती आणि शिरकाव किती हे वेगळे काढता येते.

पाण्याची चवही बोलते, अर्थात प्रयोगशाळेतली. मैलापाणी नेहमीपेक्षा पातळ लागले तर बाहेरचे पाणी मिसळले. त्यात क्लोरीनचा अंश आढळला तर जवळपास पिण्याच्या पाण्याची वाहिनी फुटलेली असू शकते.

थेट जोड शोधायला धूर लागतो. गल्लीच्या दोन टोकांच्या वाहिन्या वाळूच्या पोत्यांनी तात्पुरत्या बंद करतात, मधल्या मॅनहोलवर पंखा ठेवून निरुपद्रवी पांढरा धूर आत फुंकतात, आणि माणसे रस्त्यावर, गच्च्यांवर उभी राहून पाहतात. जिथून धूर निघेल तिथून पाणी शिरते. पन्हळीच्या तोंडातून, अंगणातल्या जाळीतून, रस्त्याच्या भेगेतून. अर्ध्या दिवसात गल्लीचा सारा कारभार उघडा पडतो. घाटांमागच्या 'पक्का महाल'सारख्या दाटीच्या जुन्या वस्तीत हे करताना आदल्या दिवशी दारोदार सांगणे अत्यावश्यक आहे. कारण मोरीला पाण्याचा वाकडा सापळा नसेल, तर धूर थेट स्वयंपाकघरात येतो. आणि धूर येतो त्या घरात एरवी गटारातला वायूही येत असतो, हे घरच्यांना त्याच दिवशी कळते. एखाद्या पन्हळीबद्दल शंका उरली तर तिच्यात फ्लुओरेसीन हा हिरवा रंग ओतायचा आणि खालच्या मॅनहोलमध्ये पाहत बसायचे.

वाहिनीच्या आतली तपासणी कॅमेऱ्याने होते. चाकांच्या गाडीवर बसवलेला कॅमेरा भेगा, मुळे, निखळलेल्या विटा दाखवत पुढे सरकतो. शाही नाल्यातही रोबोटिक कॅमेरे उतरवावे लागले, कारण घरे आणि बाजार यांच्या पोटातून नेमकी कुठून तो वाट काढतो, हेच नव्याने शोधायचे होते. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून 2005 पासून जो प्रकल्प चालला, त्यात नव्या बांधकामांबरोबर जुनी मुख्य वाहिनी आणि शाही नाला दुरुस्त करण्याचे कामही होते. दीनापूरचे रोज 14 कोटी लिटरचे नवे केंद्र 12 नोव्हेंबर 2018 ला सुरू झाले. गोइठ्याला 12 कोटी लिटरचे आणखी एक झाले. क्षमता वाढली, हे चांगलेच. पण वाहिन्या गळक्या राहिल्या तर त्या क्षमतेचा एक वाटा पाऊस आणि नदी शुद्ध करण्यात जाईल, हेही उघड आहे.

दुरुस्तीत काशीची अडचण खास आहे. गल्ली दोन हातांची, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांची घरे, त्यांचे पाये एकमेकांना टेकलेले. खोदले तर घर बसेल. अशा जागी न खोदता वाहिनीला आतून अस्तर लावण्याची युक्ती उपयोगी पडते. 1971 मध्ये लंडनच्या हॅकनी भागात एरिक वुड याने एका जुन्या विटांच्या गटारात राळेत भिजवलेली फेल्टची पिशवी सरकवली, आतून फुगवून ती भिंतींना चिकटवली आणि घट्ट होऊ दिली. जुन्या गटाराच्या आत नवे, सांधे नसलेले गटार तयार झाले. आज ही पद्धत जगभर वापरतात. विटांच्या वाहिन्या, गाडलेला भूतकाळ आणि वर दाट वस्ती, हे सगळे हॅकनीत होते तसेच काशीत आहे.

नदीच्या बाजूला उत्तर वेगळे. तिथे नाल्याच्या तोंडावर एकाच बाजूला उघडणारी झडप हवी. आतून पाणी आले की उघडते, बाहेरून नदीने दाबले की बंद होते. रचना साधी आहे, पण झडपेत एक फांदी किंवा निर्माल्याची पिशवी अडकली तरी ती उघडी राहते आणि पूर आत येतो. म्हणून झडपेइतकाच महत्त्वाचा तो माणूस, जो ज्येष्ठात प्रत्येक झडप हाताने उघडून-मिटून पाहतो. त्याची नेमणूक कागदावर असायला हवी, आणि पगार वेळेवर व्हायला हवा.

अस्तर लावायला आणखी एक कारण आहे, ते पिण्याच्या पाण्याचे. जी भेग पावसाळ्यात पाणी आत घेते, तीच उन्हाळ्यात, भूजल खाली गेले की, मैला बाहेर सोडते. शेजारून नळाची वाहिनी गेलेली असते. आपल्या शहरांत नळ दिवसाचे काही तासच चालतो. बंद असताना वाहिनीतला दाब जातो आणि फटीतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. कावीळ आणि विषमज्वर याच वाटेने घरात येतात. त्यामुळे गळती शोधायला निघालेल्या पथकाने दोन्ही वाहिन्या एकत्र तपासाव्यात. दोन खात्यांची हद्द आड येऊ देऊ नये.

उरतो तो आपल्या वाट्याचा भाग, आणि तो काशीपुरता नाही. मुंबईत दर पावसाळ्यात महापालिका मॅनहोल उघडू नका म्हणून विनवते, तरी गल्लीत पाणी तुंबले की कोणीतरी झाकण उचलतोच. पुण्या-नागपुरातल्या कित्येक बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या पन्हळी मैल्याच्या चेंबरमध्ये उतरलेल्या असतात, कारण बांधताना तो सर्वांत जवळचा खड्डा होता.

म्हणून एक विनंती. येत्या उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, एका रविवारी गच्चीवर जा. बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवून पन्हळीत ओता आणि खाली घरातल्या कुणाला तरी मैल्याच्या चेंबरशी उभे करा. झाकण अर्धवटच सरकवा, आत वाकू नका, पाहून झाले की लगेच बंद करा. रंग तिथे दिसला, तर प्लंबरला बोलावून तो जोड तोडून घ्या आणि गच्चीचे पाणी अंगणातल्या शोषखड्ड्यात, नाहीतर रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडा.